दोघांचाही पॅटर्न एएस

माझ्या रक्ताचा पॅटर्न एएस आहे. नवऱ्याचाही एएस. माझ्या धाकट्या भावाचा एसएस. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे एवढं सांगितलं की समोरचा पुढचं काही विचारत नाही, त्याला कळलेलं असतं. इतरांसाठी थोडं सविस्तर लिहिते.

सिकलसेलचं जनुक आई आणि बाप दोघांकडून येतं. एकाकडूनच आलं तर माणूस एएस, म्हणजे वाहक. त्याला औषध लागत नाही, बहुतेकांना तर तपासणी होईपर्यंत पत्ताही नसतो. दोघांकडून आलं तर एसएस, म्हणजे आजार. अशा माणसाच्या लाल पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि जिथे अडकतात तिथे वेदना सुरू होतात. नवरा-बायको दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, एएस ५० टक्के आणि पूर्ण निरोगी, म्हणजे एए, २५ टक्के. आमच्या गावात याचा अर्थ ‘चार लेकरांत एक’ असा लावतात. पहिलं आजारी निघालं की पुढची तीन सुटली, असं सांगणाऱ्या बाया मी स्वतः ऐकल्या आहेत. तसं नसतं. दर वेळी चिठ्ठ्या नव्याने टाकल्या जातात.

माहेर ब्रह्मपुरीकडचं, धानाची शेती. भाऊ आठ-नऊ महिन्यांचा असताना त्याचे हातपाय सुजले. कोणी वात म्हटलं, कोणी नजर. चार वर्षांचा झाल्यावर नागपूरला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं तेव्हा कुठे ‘सिकलसेल’ हे नाव मिळालं. त्याच वेळी आई-बाबा दोघंही एएस निघाले. माझं रक्त मात्र पुढे डी.एड.ला असताना कॉलेजच्या शिबिरात तपासलं. आधी सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह, मग इलेक्ट्रोफोरेसिस या पक्क्या चाचणीत एएस.

भावाचं बालपण म्हणजे पावसाळ्यात रोवण्याच्या चिखलात पाय घालायचा नाही, हिवाळ्यात पहाटे बाहेर पडायचं नाही, आणि उन्हाळ्यात पाणी पीत राहायचं. ब्रह्मपुरीचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला हे काय असतं ते सांगायला नको. शरीरातलं पाणी कमी झालं की क्रायसिस, म्हणजे वेदनांचा झटका. क्रायसिस आला की तो भिंतीकडे तोंड करून निजायचा आणि दात खायचा. आई रात्रभर त्याचे गुडघे शेकायची. मी बाजूच्या खाटेवर झोपल्याचं सोंग करून पडलेली असायची. दहावीला त्याला तासाला वीस मिनिटं जादा मिळाली, एसएस विद्यार्थ्यांना ती मिळतात. पण पेपरच्या दिवशी तो उभा राहू शकेल की नाही, हे कोणतंच परिपत्रक ठरवू शकत नव्हतं. पुढे हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू झालं आणि क्रायसिस बरेच कमी झाले. ते आधी सुरू झालं असतं तर त्याच्या खुब्याचं हाड वाचलं असतं का, हा प्रश्न बाबा अजूनही दर डॉक्टरला विचारतात. आज त्याचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, तो लंगडत चालतो आणि राजकारणावर तासन्‌तास भांडतो.

असं घर असताना मी एएस मुलाशी लग्न केलं. आम्हाला दोघांनाही ते आधीपासून माहीत होतं. जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशक ताईंनी कागदावर चार बाहुल्या काढून दाखवल्या, एकीत लाल रंग भरला आणि म्हणाल्या, ‘अजून विचार करा.’ विचार केला आणि लग्न केलं. त्यावर मला फार बोलायचं नाही. रक्ताचा पॅटर्न लिहिलेलं कार्ड बघून स्थळं ठरवावीत हे म्हणायला ठीक आहे. पण आमच्यासारख्या समाजात, जिथे दर दुसऱ्या-तिसऱ्या घरात एखादा एएस सापडतो, तिथे पोरींची लग्नं मोडतात आणि पोरांची कार्डं घरात लपवून ठेवतात, हेही मी पाहिलं आहे.

खरा विषय लग्नानंतर सुरू झाला. आमच्यासमोरच्या वाटा मोजक्या होत्या. मूल होऊ द्यायचं नाही. दत्तक घ्यायचं. दुसऱ्याचं बीज घ्यायचं. प्रयोगशाळेत गर्भ तयार करून, तपासून, मग पोटात सोडायचा; याचा खर्च लाखांत होता आणि आम्ही दोघं जिल्हा परिषदेचे शिक्षक, घराचं कर्ज डोक्यावर. राहिल्या दोन: दिवस राहिल्यावर गर्भ तपासायचा, नाहीतर जे होईल ते होऊ द्यायचं.

सासूबाईंना शेवटची वाट पसंत होती. ‘आमच्या काळी कुठे होत्या टेस्टा? वाढलेच न लेकरं.’ त्यांची दोन लेकरं लहानपणीच गेली, ती कशाने गेली हे कोणालाच माहीत नाही. हे त्यांना आठवून द्यायला माझी जीभ वळली नाही. नवरा तपासणीच्या बाजूने होता. तो वाचणारा माणूस. १९३८ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला होता आणि त्यामागे बाबासाहेब होते, हे तो सासूबाईंना समजावून सांगायचा. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, ‘लेकरू होऊच न देणं वेगळं, झालेलं काढणं वेगळं.’ यावर त्याच्याकडे उत्तर नसायचं. माझ्याकडेही नव्हतं. आमच्या घरात रोज त्रिशरण-पंचशील होतं आणि पंचशीलाची सुरुवातच ‘पाणातिपाता वेरमणी’ने, म्हणजे जीवहत्या न करण्याच्या शीलाने होते.

माझ्या आईने मात्र एकदाच तोंड उघडलं. माहेरी स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. ती म्हणाली, ‘मले आधी माहीत असतं तं...’ आणि थांबली. मधल्या दाराचा नुसता पडदा होता, पलीकडे भाऊ टीव्ही बघत होता.

त्याने ते ऐकलं होतं. रात्री जेवण झाल्यावर अंगणात मला म्हणाला, ‘ताई, तू तपासणार आहेस. एसएस निघालं तर काढणार आहेस. म्हणजे मी नसतो तं बरं झालं असतं, असंच न?’

मी तयार करून ठेवलेली उत्तरं दिली. तू आहेस, तुझी गोष्ट वेगळी. जे अजून झालं नाही त्याची आणि तुझी बरोबरी कशी करता येईल. त्याला एवढा त्रास आम्ही कायले द्यावा. यावर तो चिडला. म्हणाला, ‘त्रास मले होते. हे जगणं नको होतं असं मी कधी म्हटलं? तुम्ही माझ्या वतीने कायले ठरवून राहिले?’

तो नंतर बरेच दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. मी मात्र त्याच्या प्रश्नापाशी अडकून राहिले. तपासणी करणारे, करवून घेणारे, शिबिरात भाषण देणारे सगळे एकच कारण सांगतात: बाळाला यातना नकोत. पण जे बाळ जन्मणारच नाही त्याचं आपण काय भलं करतो? यातनांतून सुटायला आधी कोणीतरी असावं लागतं. आणि जे एसएस घेऊन जगतात त्यांतले बहुतेक जण, माझ्या भावासकट, आयुष्याला चिकटून असतात. मग आम्ही हे कोणासाठी करत होतो? स्वतःशी खरं बोलायचं तर स्वतःसाठी. आईच्या त्या रात्री मी पाहिल्या होत्या आणि त्या मला काढायच्या नव्हत्या. माझ्यात तेवढं बळ नव्हतं, आणि आहे असं दाखवून पुढे एखाद्या लेकरासमोर उघडं पडायचं नव्हतं.

हे मी भावाला फोनवर सांगितलं, आहे तसंच. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘हे चालते. हे तुझं आहे. माझ्या नावावर नको टाकू.’ त्याला पटलं असं मी म्हणणार नाही. आजही तो म्हणतो, त्याच्यावर वेळ आली असती तर त्याने तपासलं नसतं.

दिवस राहिले तसं लगेच नाव नोंदवलं. इथे वेळेला फार महत्त्व आहे. वारेचा बारीक नमुना घेऊन करायची तपासणी, जिला सगळे सीव्हीएस म्हणतात, साधारण अकराव्या आठवड्याच्या सुमारास होते. ती हुकली तर गर्भजलाची तपासणी सोळाव्या आठवड्यानंतर, म्हणजे निकाल येईपर्यंत पोट दिसू लागलेलं, आणि बाईला बाळाची हालचालही जाणवू लागलेली. आमच्या दोघांच्या रक्ताचा डीएनए अहवाल आधी तयार असावा लागतो. तो नसेल तर तिथेच दिवस जातात.

तपासणीच्या खोलीबाहेर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ अशी पाटी होती. आत गेल्यावर फॉर्म भरायला दिला. १९९४ च्या कायद्याप्रमाणे गर्भाची अशी तपासणी ठरावीक कारणांसाठीच करता येते आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनचे आनुवंशिक आजार त्यांत येतात. आजार कळावा म्हणून मी स्वतःहून तपासणी करून घेते आहे आणि लिंग मला सांगितलं जाणार नाही हे मला माहीत आहे, असं मराठीत छापलेलं होतं. मी सही केली. पोरगी म्हणून गर्भ पाडायला कायदा बंदी करतो, एसएस म्हणून पाडायला वाट देतो. हा फरक मला बरोबर वाटतो. पण का बरोबर वाटतो हे भावाला पटेल अशा शब्दांत मांडायला मी अजून धडपडते आहे. मुलगी असणं हा आजार नाही, एवढं म्हणून भागत नाही. तो लगेच म्हणतो, ‘अर्धा त्रास तं लोकच देतात न, दोघांनाही.’

तपासणी स्वतः फार मोठी नसते. पोटाची कातडी बधिर करतात, सोनोग्राफीत बघत पोटातून सुई वारेपर्यंत नेतात आणि धाग्यासारखे तंतू ओढून घेतात. पाळी येण्याआधी पोटात दुखतं तसं दुखलं. गर्भपाताचा धोका शंभरात एक किंवा त्याहून कमी असतो, हे आधीच सांगितलेलं होतं. घरी आल्यावर दर वेळी बाथरूममध्ये गेले की आधी कपड्यांवर डाग पडला का ते बघायची. नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या नाहीत ना, हेही प्रयोगशाळा तपासते, कारण त्या मिसळल्या तर बाळाऐवजी माझाच पॅटर्न अहवालात येईल. हे ऐकल्यावर नवऱ्याने निकालाच्या दिवसापर्यंत तोच घोर लावून घेतला. मला त्याचा राग यायचा. काळजी करायला त्याने असं काहीतरी निवडलं होतं, ज्यावर एखादी तपासणी होती.

निकाल एसएस आला.

ठरलेलं होतं म्हणून निर्णय सोपा गेला नाही. नवरा म्हणाला, ‘अजून एकदा विचार करू.’ एवढे दिवस तपासणीची बाजू घेणारा तो, आणि आता तोच डळमळला. कायद्याने वीस आठवड्यांच्या आत एका डॉक्टरचं मत पुरतं आणि संमती फक्त बाईची लागते, नवऱ्याची सही नको असते. मला तोवर ही तरतूद बायकांच्या बाजूची, चांगली वाटत आली होती. त्या दिवशी तिथे दुसऱ्या सहीची जागा असायला हवी होती, असं वाटलं. मग मीच सही केली.

वॉर्डात भरती करून गोळ्यांनी झालं. दुखण्याबद्दल लिहीत नाही, बाळंत झालेल्या बाईला ते सांगावं लागणार नाही. एका सिस्टरने कागद बघून विचारलं, ‘लग्नाआधी रक्त नव्हतं का तपासलं?’ मी म्हटलं, ‘तपासलं होतं.’ तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मुद्दाम विस्तवात हात घातला होता. दुसरी सिस्टर काही न बोलता गरम पाण्याची पिशवी ठेवून गेली.

घरी कोणी काही विचारलं नाही. सासूबाईंनी विहारात जाऊन काय म्हटलं ते मला माहीत नाही. आई आली आणि डिंकाचे लाडू करून गेली, बाळंतिणीला देतात तसे. भाऊ एसटीने आला. एसएस रुग्णांना एसटी मोफत आहे आणि त्याला त्याचा मोठा अभिमान. दिवसभर राहिला, सासऱ्यांशी निवडणुकीवर भांडला आणि जाताना मला म्हणाला, ‘चिडलो नाही मी.’ मी म्हटलं, ‘चिडला असता तरी चाललं असतं.’

पुढच्या वेळी सगळं तेच. तीच पाटी, तोच फॉर्म, तीच सुई. निकाल एएस आला. आता मुलगी बालवाडीत जाते. लोक म्हणाले, सुटलात. ती वाहक आहे, म्हणजे पुढे तिच्या हातातही कार्ड येणार आणि तिच्या लग्नाच्या वेळी हाच विषय निघणार. तिला हे कधी सांगायचं यावर आमच्यात अजून एकमत नाही. नवरा म्हणतो दहावीनंतर. मी म्हणते, मामाला लंगडताना बघून ती स्वतःच विचारेल त्या दिवशी.

माझ्या शाळेतल्या एका बाईंचीही अशीच जोडी, दोघं एएस. त्यांनी तपासणी केली नाही. देवाने दिलं ते वाढवू, म्हणाल्या. मुलगा एसएस आहे. जन्मल्याबरोबर तपासला, लहानपणापासून पेनिसिलिन, न्यूमोनियाच्या लसी, नंतर हायड्रॉक्सियुरिया, आणि तो माझ्या भावापेक्षा कितीतरी बरा आहे. स्टाफरूममध्ये आम्ही दोघी एकमेकींकडे बघून अवघडत नाही. पण इतर जण आम्हाला तोलत असतात. कोणी मला पापी ठरवतं, कोणी त्यांना बेजबाबदार. त्यांच्या मुलाच्या औषधाचा पुरवठा प्राथमिक आरोग्य केंद्रात थांबला की यांतलं कोणी बोलायला पुढे येत नाही.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असं त्यात ठरलं. तपासणी हवीच, माझ्या भावाची चार वर्षं तिच्यावाचून वाया गेली. पण आमच्याकडच्या एका शिबिरात एक वक्ते तावातावाने म्हणाले की दोन वाहकांनी लग्न करणं हा समाजाचा गुन्हा आहे. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत एसएस पोरं सत्काराला बसवली होती. त्यांचे आई-बाप मागे उभे होते. मला अमेरिकन शास्त्रज्ञ लायनस पाउलिंगची आठवण झाली. हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या बिघाडाने होतो हे १९४९ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. १९६८ मध्ये त्याच थोर माणसाने सुचवलं होतं की सिकलसेलच्या वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. त्याचा हेतू दुःख कमी करण्याचाच होता. आमच्या वक्त्यांचाही तोच असणार.

मी जे केलं ते समाजासाठी केलं नाही, देशातला आकडा कमी व्हावा म्हणून तर मुळीच नाही. तसं कोणी माझ्या वतीने म्हणू लागलं की मला भावाचं वाक्य आठवतं आणि मी हात वर करून बोलते. त्या शिबिरातही बोलले. वक्ते म्हणाले, ‘ताई, तुम्ही भावनिक होताय.’

आता कधी कधी जोडपी घरी येतात. समुपदेशक ताईच पाठवतात. काय योग्य ते मी सांगत नाही. जे सांगते ते असं: लग्न ठरल्यावर किंवा झाल्यावर लगेच दोघांच्या रक्ताची एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनची चाचणी, आणि डीएनए करून अहवाल जवळ ठेवा. पाळी चुकली की थांबू नका, आठव्या आठवड्यापर्यंत नाव नोंदवलेलं असू द्या. सुईला घाबरू नका, निकालाला घाबरा, आणि निकाल आल्यावर काय करायचं ते सुई टोचायच्या आधी दोघांनी वेगवेगळं कागदावर लिहा आणि मग एकमेकांना वाचायला द्या. तपासायचं नसेल तर नका तपासू, पण मग बाळाचं रक्त जन्मल्याबरोबर तपासा आणि जवळच्या आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सियुरिया मिळते का ते आजच विचारून या.

आणि काहीही ठरवायच्या आधी एखाद्या मोठ्या वयाच्या एसएस माणसाशी बोला. माझ्या भावाला चालतं, मी विचारून घेतलं आहे. तो दुकानात सकाळी दहापासून असतो. चारनंतर नका जाऊ, तेव्हा त्याचा खुबा दुखायला लागतो आणि मग तो कोणाशीच धड बोलत नाही.